भाग्यश्रीच्या खात्यावर शून्य

सरकारी कचेरीत माझे सासरे कधी बसत नसत. बाक रिकामा असो, शिपायानं खुर्ची पुढे सरकवलेली असो, ते टेबलासमोर उभेच. टोपी काखेत, कागदांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली आणि नजर साहेबाच्या पेनावर. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. बसलं की मानूस फर्निचरात जमा व्हतो. उभ्या मान्साला साहेब इसरत न्हाई." त्यांच्यासोबत गेलं की मलाही उभं राहावं लागे. माझ्या नव्या चपला त्या उन्हाळ्यात अशाच झिजल्या.

गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मी मामा म्हणायचे. सासऱ्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. सोनईपासून थोडं आत आमचं गाव. मामांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढायचा, मामा वजन घ्यायचे आणि पावती फाडायचे. त्या पावतीवर कधी तक्रार आली नाही, हे गावात आजही सांगतात. निवृत्त झाले तरी काट्यावरची घाई अंगातून गेली नव्हती. जेवता जेवता नळ गळतोय असं कानावर आलं की ताटावरून उठून पाना शोधायला जायचे. "काम अर्धं सोडलं की ते हाका मारीत ऱ्हातं," हे त्यांचं नेहमीचं. त्यावर सासूबाई म्हणायच्या, "मारू द्या हाका, भाकर तरी खा." सासूबाईंना मी आत्या म्हणते. या घाईचं मला सुरुवातीला भारी कौतुक वाटलं होतं. माझं शिक्षण त्या घाईनंच बुडवत आणलं, हे पुढे कळलं.

माझं माहेर गंगेपलीकडचं, म्हणजे गोदावरीच्या पलीकडे, पैठणच्या बाजूला. जिल्हा दुसरा आणि विद्यापीठही दुसरं. मी तिथल्या कॉलेजात बीएस्सीची दोन वर्षं पास झाले होते, विषय रसायनशास्त्र. मामा मला बघायला आले तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी स्वयंपाक येतो का, उंची किती, असं ठरलेलं विचारलं. मामांनी एवढंच विचारलं, "शिक्शान कुठवर आलंय?" मी सांगितलं की दोन वर्षं झाली, एक राहिलंय आणि ते पुरं केल्याशिवाय मला लग्न करायचं नाही. मी तशी तोंडाची तिखटच. माझ्या वडिलांनी घाईघाईनं सावरून घेतलं. म्हणाले, तिकडून करता येईल. हल्ली पास झालेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट मिळतात, ते मुलीच्या नावानं ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि कॉलेज बदललं, अगदी विद्यापीठ बदललं तरी सोबत नेता येतात.

मामांचे डोळे चमकले. "म्हंजी काट्याची पावतीच की! ऊस एकदा मोजला की मोजला. मंग कुठल्याबी गव्हानीत पडू द्या, वजन शेतकऱ्याचंच." आणि लगेच, चहाचा कप खाली ठेवायच्या आत, त्यांनी शब्द दिला. "एक वर्स ना? दिलं. नेवाशाच्या कालेजात घालतो."

त्या वेगाला सगळे हसले. शेजारी बसलेल्या आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "एकच वर्स ना?" त्या क्षणापासून मी त्यांना मनातल्या मनात विरुद्ध पक्षात टाकलं.

या घरात सुनेचं नाव सासरा ठेवतो. आत्यांचं चंद्रभागा हे नाव मामांच्या वडिलांनी ठेवलं होतं. माझं माहेरचं नाव रेणुका. मामांनी भाग्यश्री ठरवलं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं ते नाव लिहिलं. संदीपला जागेचा अंदाज आला नाही आणि 'श्री' ताटाच्या काठावर चढला. मांडवभर हशा झाला, मीही हसले. नाव बदलल्याचं वाईट वाटायला तेव्हा सवडच नव्हती.

हळद उतरली नव्हती, तेवढ्यात मामा पिशवी घेऊन दारात उभे. लग्नाची नोंदणी, आधार कार्ड, बँक, रेशन कार्ड, सगळीकडे नवं नाव घालायचं होतं आणि तेही लगोलग. लोकांच्या सुनांची नावं वर्षानुवर्षं दोन-दोन असतात आणि मग पीकविम्यापासून बाळंतपणापर्यंत सगळीकडे अडतं, असं त्यांचं म्हणणं. मेंदीचे हात घेऊन मी सोनईच्या आधार केंद्रावर त्यांच्यामागे उभी राहिले. नवं कार्ड हातात आलं तेव्हा त्यांनी ते उपरण्यानं पुसलं आणि म्हणाले, "आता कुठंच अडचन न्हाई." मी वाकून नमस्कार केला.

अडचण नेवाशाला निघाली. तिथल्या कॉलेजात प्रवेशाचं काम एका मॅडमकडे होतं. चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी माझ्या कार्डावरून खातं उघडलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

"भाग्यश्रीच्या खात्यावर शून्य आहे."

"शून्य कसं?" मामा म्हणाले. "दोन वर्सं शिकलीय ती."

"ती रेणुका शिकलीय," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. दोन वर्षांचे क्रेडिट रेणुकाच्या नावावर सुरक्षित होते. पण रेणुका नावाचं ओळखपत्र आता या जगात कुणाकडेच नव्हतं, ते मामांनीच मोठ्या हौसेनं बदलून घेतलं होतं. आडनाव बदललं असतं तर लग्नाच्या दाखल्यावर भागलं असतं. इथं पहिलंच नाव बदललेलं. विद्यापीठाला त्यासाठी राजपत्रातली नोंद हवी होती आणि ती प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी हाती येईल याची खात्री नव्हती. दुसरी वाट म्हणजे कार्डावर जुनं नाव परत घालणं. तिसरी, भाग्यश्रीनं पहिल्या वर्षापासून सुरुवात करणं. म्हणजे पुन्हा तीन वर्षं. आणि मला एकच वर्ष मिळालेलं होतं.

मामा उभेच राहिले. इतर मुलं आली, गेली. शिपायानं खिडक्या लावायला घेतल्या तरी ते हलेनात. शेवटी मॅडमनीच पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "अण्णा, उभं राहून नाव बदलत नाही हो." त्या बाईंचा त्या दिवशी मला इतका राग आला होता! खरं तर त्यांनी आम्हाला एकदाही खोटं आश्वासन दिलं नाही, आणि कचेरीत एवढं सहसा मिळत नाही.

राजपत्राचा अर्ज मामांनी त्याच संध्याकाळी भरवला. दुसऱ्या दिवशी मला मोटरसायकलवर बसवून ते थेट माझ्या जुन्या कॉलेजात. तिथल्या लोकांनी चहा पाजला, सरांनी पाठीवर हात ठेवला, आणि सांगितलं तेच, की परीक्षा रेणुकानं दिली आहे, आम्ही ती भाग्यश्रीच्या नावावर कशी करणार? मामा तिथंही उभे होते. परतताना ऊन माथ्यावर होतं आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं. गंगेवरचा पूल ओलांडल्यावर माझ्यानं राहवेना. मी मागून म्हटलं, "मामा, कार्डावर जुनं नाव परत घालू या."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पण मागे वळून पाहिलं नाही.

"साऱ्या मांडवात दिल्यालं नाव हाय त्ये. माझ्या बापानं दिल्यालं नाव ह्या घरात कुनी परत घेतलं न्हाई."

"नाव तुमचं आहे, मामा. वर्षं माझी आहेत."

सासऱ्याशी असं बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. त्यांनी किक मारली आणि गाडी थेट घरी आणून उभी केली.

पुढचे काही दिवस असेच गेले. तारीख जवळ येत होती आणि राजपत्राचा पत्ता नव्हता. मामा सकाळी पिशवी घेऊन निघायचे, तालुक्याच्या कुठल्या ना कुठल्या टेबलासमोर उभे राहायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. संदीप चाकणला कंपनीत, फोनवर त्याचं एकच, "बाबा म्हणतील तसं कर." त्याच्यावर मी जेवढी चिडले तेवढी आजवर कुणावर चिडले नसेन. आत्या भाकरी थापताना एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "तीन वर्सं काय जमायची न्हाईत. एक म्हनलं हुतं." मी तवा उतरवला. मनात आलं, झालं, यांच्या मनासारखं झालं.

मग एक संध्याकाळ अशी आली की मामांनी जेवता जेवता हात टेकले. म्हणाले, जंग जंग पछाडलं, पण काही होत नाही. यंदाचं वर्ष राहू द्यावं, पुढच्या वर्षी राजपत्र हातात असेल, तेव्हा बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे मला कळत होतं. पुढच्या वर्षी मूल असेल, नाहीतर ते का नाही म्हणून दवाखाने असतील. हातातलं वाढणं तसंच धरून मी उभी राहिले. रडायचं नाही एवढंच ठरवलं होतं.

बोलल्या त्या आत्या. आवाज चढला नाही, भाकरी मोडणारा हातही थांबला नाही.

"माझ्या येळंला तुमी एका दिसात परत आल्ता."

मामांनी मान वर केली.

"अंगनवाडीत बाईची जागा निघाली हुती. सातवी पास पायजे हुती. मी हुते सातवी पास. दाखला सुशीलाच्या नावचा निघाला आन घरात चंद्रभागा. तुमी तालुक्याला गेलता. तवा उभं हुता का बसला हुता, मला ठावं न्हाई. पर उन्हं उतरायच्या आत घरी आल्ता. म्हनला, न्हाई व्हत. मी म्हनलं, बरं."

आत्यांचं शिक्षण झालेलं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. माहेरची माणसं त्यांना सुशी म्हणायची, ते मी लाडाचं नाव समजत होते.

"एक वर्स म्हनून मी म्हनत हुते, कारन घर एवढंच देनार हे मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्ये एक तरी बुडवू नगा. तिचं नाव तिला परत द्या."

मामांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच राहिली. बाहेर ओट्यावर जाऊन ते अंधार पडेपर्यंत बसले होते, आणि आतून कुणी त्यांना बोलवायला गेलं नाही. मी आत्यांशेजारी भांडी घासत होते. एवढे दिवस मी या बाईला शत्रू समजत होते, याची लाज वाटत होती.

सकाळी मी उठले तेव्हा मामा टोपी घालून तयार होते. सोनईच्या केंद्रावर गर्दी होती. त्यांनी खिडकीपाशी जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "हिचं नाव हिला परत द्यायचं हाय." यंत्रामागचा मुलगा गोंधळला. माझ्याकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "सोडचिठ्ठी झाली का?" रांगेतल्या बायकांचे कान टवकारले. माहेरचं नाव परत घेणारी सून म्हणजे दुसरं काय असणार? आम्ही घरी पोचायच्या आत ती बातमी गावात पोचली होती. दुपारी संदीपला त्याच्या मित्राचा फोन गेला की अरे, वहिनी गेल्या म्हणतात! संध्याकाळी भाऊबंदांतले दोघे-तिघे तोंड पाडून ओट्यावर आले. मामांनी त्यांना चहा दिला आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "सूनबाई हाय तिथंच हाय. नाव ठिवन्यात माझी चूक झाली." चारचौघांत चूक कबूल करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते, पण शब्द अडखळला नाही.

तरी काम झालं नव्हतं. बदललेलं नाव यंत्रात दिसायला काही दिवस लागणार होते आणि किती, ते कुणी सांगेना. मामा रोज सकाळी केंद्रावर आणि तिथून नेवाशाला कॉलेजात. मॅडमनी बाकीचे कागद तपासून ठेवले होते. त्यांच्या अभ्यासक्रमातला एक पेपर मला जादा द्यावा लागणार, हेही सांगितलं होतं. मामांना बघितलं की त्या आता नुसती मान हलवायच्या, अजून नाही.

शेवटच्या तारखेला दुपारपर्यंत काही आलं नाही. मी जेवले नव्हते. फोन हातातून खाली ठेवत नव्हते. आत्या दाराच्या उंबऱ्यापाशी धान्य निवडत बसल्या होत्या आणि निवडलेलंच पुन्हा निवडत होत्या. नाव बदलल्याचा मेसेज आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. मामांनी माझ्या हातातला फोन घेतला, त्यावरचं इंग्रजी त्यांना कळेना, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी गाडी काढली. नेवाशापर्यंतचा रस्ता कसा गेला, मला आठवत नाही. लागवडीसाठी उसाचं बेणं घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर पुढे आडवा होता आणि आयुष्यभर उसाचे ट्रॅक्टर मोजलेला तो माणूस त्याला मोठमोठ्यानं शिव्या देत होता, एवढं आठवतं.

मॅडमनी टेबल आवरलं होतं. आम्हाला बघून त्या पुन्हा बसल्या आणि चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. नंबर टाकला. स्क्रीनवर ते चक्र गोल गोल फिरत राहिलं. मामांनी पिशवी इतकी घट्ट धरली होती की आतल्या कागदांचा आवाज येत होता. मी डोळे मिटून घेतले.

"रेणुका," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही वर्षांचे आले."

"समदे?" मामांनी विचारलं.

"सगळे, अण्णा. एकही कमी नाही."

मामांनी टोपी घातली. कचेरीत त्यांना टोपी घालताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही, त्यांची साखर वाढलेली असायची.

ते वर्ष मी केलं. रोजच्या बसनं नेवासा, संध्याकाळी घर, आणि परीक्षेच्या दिवसांत आत्यांनी मला चुलीपुढे फिरकू दिलं नाही. मामांच्या तोंडी रेणुका हे नाव काही नीट बसलं नाही. ते मला पोरी म्हणायचे. पाहुणे आले की मात्र आवर्जून सांगायचे, "ही रेनुका. बीएस्सीला हाय." परीक्षा संपता संपता त्यांची तब्येत ढासळली. आधी पायावर सूज आली, मग दम लागायला लागला, नगरचा दवाखाना झाला, आणि शेवटी डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं.

निकाल लागला तेव्हा ते खाटेवर होते. मी पहिल्या वर्गात पास झाले होते. त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण हात वर येईना, तो मीच उचलून ठेवला. तिथेच मला रडू फुटलं. हा माणूस नसता तर माझी दोन वर्षं हरवली नसती हे खरं, आणि हा नसता तर ती परत मिळाली नसती हेही तितकंच खरं. मला ते दोन्ही मामा सारखेच आवडायचे.

मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सुशीला."

आत्या खाटेच्या पलीकडे चादर नीट करत होत्या. त्यांचा हात जागच्या जागी थांबला. एवढ्या वर्षांच्या संसारात मामांनी त्यांना अगं याखेरीज कशानंच हाक मारलेली नव्हती.

"सुशीला, तुझ्या येळंला मी लवकर परत आलो. माझं चुकलं."

जाणाऱ्या माणसानं असं काही म्हटलं की आपण सगळेच घाईघाईनं नाही नाही म्हणतो. माझ्याही तोंडावर ते आलं होतं. आत्या त्यांच्या उशाशी बसल्या. त्यांनी मामांच्या कपाळावर हात ठेवला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं तुमचं."

मामांनी मान हलवली आणि डोळे मिटले. आत्यांनी कपाळावरचा हात काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले, तोवर त्या तिथेच बसून होत्या.